गळक्या टाकीची सात पानं

गेल्या चार महिन्यांत समर्थ एकदाही चिडला नव्हता, आणि प्रतिभाच्या जिवाला तोच घोर लागून राहिला होता.

शनिवारी संध्याकाळी तो इगतपुरीहून यायचा, रविवारी संध्याकाळी परत जायचा. मधल्या वेळात जेवायचा, झोपायचा, कपडे धुवायला टाकायचा. भाजीत मीठ पडलं नसलं तरी म्हणायचा, चालतं. शर्टाचं बटण तुटलंय म्हणून दाखवलं, चालतं. भारनियमनानं घरातली लाइट चार-चार तास जायची तरी त्याच्या तोंडून हूं की चूं नाही. शेजारच्या सुवर्णाताई कौतुकानं म्हणाल्यासुद्धा, "प्रतिभाताई, पोरगा किती शांत झाला हो तुमचा! नोकरी लागली की कसा फरक पडतो बघा."

"हो ना," प्रतिभा म्हणाली आणि आत येऊन उगाचच भांडी आपटत बसली.

फरक पडला होता हे तर तिलाही दिसत होतं. पण हा मुलगा तिला ओळखीचा वाटत नव्हता. बावीस वर्षं तिनं ज्याच्या खोडीपायी कपाळावर हात मारून घेतला, त्याची ती काहीच चालवून न घेण्याची खोडच कुणीतरी काढून नेली होती. कुणी नेली हे तिला ठाऊक होतं, म्हणून तर चिडचिड कमी होत नव्हती.

ती खोड बापाकडून आलेली. सावळीराम निफाडकडच्या खेड्यातून आयटीआय करून सातपूरला आला, तो एका लहानशा वर्कशॉपमध्ये चिकटला. तिथं ट्रकच्या आणि ट्रॅक्टरच्या डिझेलच्या टाक्या बनायच्या. बाकीचे पत्रा कापायचे, वाकवायचे, वेल्डिंग मारायचे; सावळीरामचं काम शेवटी. टाकीची तोंडं बंद करायची, आत हवा भरायची आणि टाकी पाण्याच्या हौदात बुडवायची. जिथून बुडबुडे येतील तिथं गळती. ऐकायला सोपं वाटतं. पण टाकी पाण्यात गेली की तिच्या अंगाला बाहेरची हवासुद्धा बारीक बुडबुडे होऊन चिकटते. नवखा माणूस ते बघून चांगली टाकी बाद करतो, नाहीतर खरी गळती त्यातलीच समजून सोडून देतो. सावळीराम कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा, टाकी सगळीकडून पुसून घ्यायचा आणि मग नुसता बघत राहायचा.

शाळेला सुट्टी असली की समर्थ त्याच्याबरोबर जायचा. हौदाच्या कडेला हनुवटी टेकवून उभा असायचा.

"पुसल्यावर परत आला तर तो खरा," सावळीराम त्याला सांगायचा. "घाई करायची नाय. मालक ओरडू दे, ट्रक उभा राहू दे. बुडबुड्याला आपली घाई कळत नाय."

प्रतिभा बी.ए. झालेली. लग्न होऊन सातपूरच्या दोन खोल्यांत आली तेव्हा तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं की आपल्या मुलाचे हात असे पाण्यात भिजून पांढरे पडायचे नाहीत. तो टेबलामागे बसेल. म्हणून समर्थला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, त्या २००२ सालच्या पावसाळ्यात घरात कॉम्प्युटर आला तेव्हा सर्वांत जास्त आनंद तिलाच झाला होता. कॉम्प्युटरवर तिनं क्रोशाचं कव्हर विणून घातलं. त्या कव्हराखाली काय शिजणार आहे हे तिला कसं कळावं?

शिजलं ते विमानाच्या खेळाचं. नुसतं उडवायचं विमान नव्हे, लढाईचं. महायुद्धातली जुनी विमानं, समोरून गोळ्या, मागून गोळ्या. सुरुवातीला तिनं डोळेझाक केली. मुलं खेळतात. पण समर्थ खेळण्यापेक्षा भांडतच जास्त होता, आणि तेही पडद्याशी.

एका दुपारी ती मेथी निवडत असताना त्यानं तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"आई, हे बघ. फक्त दोन मिनिटं."

"मेथी राहिलीये माझी."

"डाव्या पंखात गोळी लागली बघ. पंखाच्या वरच्या अंगाला. दिसली? आता तो काटा बघ, इंधनाचा."

काटा उतरत होता. विमानाच्या मागे पांढरी रेघ निघाली होती.

"उतरतोय," ती म्हणाली.

"कसा उतरतोय?"

"खाली."

"अगं आई!" त्यानं कपाळाला हात लावला. "एकसारखा उतरतोय! भोक वर आहे आणि टाकी तळापर्यंत रिकामी होतेय. आपल्या पिंपाला वरच्या अंगाला भोक पडलं तर सगळं पिंप रिकामं होईल?"

"कसं होईल? भोकापर्यंत होईल."

"झालं! तुला कळतं. ह्यांना कळत नाही. आणि या विमानाला चार टाक्या आहेत. डावीकडची फुटली तर उजवीकडची पण रिकामी होते ह्यांच्यात. असं कुठं असतं? मधला कॉक बंद केला तर ती राहायला पाहिजे ना भरलेली? विमान एका अंगाला जड व्हायला पाहिजे ना?"

"समर्थ, त्या विमानात बसलंय कोण?"

"मी."

"मग उतर खाली आणि अभ्यास कर."

तो हसला नाही. असल्या बाबतीत त्याला विनोद चालत नसे.

इंटरनेट तेव्हा फोनच्या तारेवरून यायचं. हा बसला की फोन बंद. प्रतिभाची बहीण सिन्नरहून दोन-दोन दिवस लावत राहायची आणि मग कुजकं बोलायची, "काय गं, मोठ्या ऑफिसात लागलीस काय? सारखा एंगेज." समर्थचं त्या तारेवरून जगाशी काही चाललेलं असायचं. परदेशात कुठंतरी चार-पाच हौशी लोक होते. मूळ खेळ दुरुस्त करून ते फुकट वाटायचे. गोळी लागल्यावर विमानाचं काय बिघडतं तो भाग नवा करायचं त्यांनी काढलं होतं. समर्थनं इंधनाच्या टाक्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. कुणी सांगितलं नव्हतं. पगार नाही, नाव नाही, सर्टिफिकेट नाही.

"पुस्तकातली गणितं घालून दे की त्यांना," प्रतिभा म्हणाली.

"पुस्तकातली टाकी सरळ उभी असते गं. विमान वाकडं होतं."

पहिल्या वर्षाची परीक्षा झाली आणि मे महिन्यात त्यानं गच्चीचा कारखाना केला. सावळीरामनं वर्कशॉपमधून बाद झालेली एक टाकी त्याला आणून दिली. ती त्यानं जुन्या लोखंडी खाटेला साखळीनं टांगली, म्हणजे हवी तशी कलंडवता येईल. मग खिळ्यानं भोकं पाडायची, पाणी भरायचं, घड्याळ लावायचं, खाली बादलीत मोजायचं. टाकी वीस अंश कलली की इतकं, चाळीस अंश कलली की तितकं. वह्यांवर वह्या. जुन्या लढाऊ विमानांच्या टाक्यांना आतून रबराचा थर असतो, गोळी लागली की भोक आपोआप मिटतं, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. त्यासाठी सायकलची ट्यूब कापून आतून चिकटवली. तिलाही खिळा मारला. पण पाणी आपलं टपटप चालूच.

खालच्या गच्चीवर सुवर्णाताईंचे उडदाचे पापड वाळत होते. त्यांतले अर्धे भिजले.

"प्रतिभाताई," त्या जिन्यातूनच ओरडल्या, "तुमच्या वैमानिकाला सांगा, पाऊस जूनमध्ये पाडायचा असतो!"

प्रतिभानं माफी मागितली, चार लाट्या जास्तीच्या करून दिल्या आणि वर जाऊन समर्थला फैलावर घेतलं. तो ऐकतच नव्हता. खाटेजवळ उकिडवा बसून थेंब बघत होता.

"मिटत नाहीये," तो म्हणाला. "तीन आठवडे झाले. वाचलं त्यात मिटतं म्हणतात. माझं मिटत नाही."

तेवढ्यात पहिली पाळी संपवून सावळीराम आला. डबा हातातच. टाकीत बोट घालून त्यानं वास घेतला.

"पाणी हाय हे?"

"हो पप्पा."

"विमानात पाणी भरतेत का रे?"

समर्थनं टाकीत डोकावून पाहिलं.

"अरे, पाण्यानं रबराला काय होतंय? रॉकेल घाल. रॉकेलात वायसर ठेवून बघ, सकाळपर्यंत फुगून एवढा होतो. पंपातला फुगलेला वायसर परत बसत नाय म्हणून मी किती शिव्या खाल्ल्यात तुला काय माहीत. तेच तर लागतंय तुला. फुगलं पायजे."

तीन आठवड्यांच्या वह्या समर्थनं तिथल्या तिथं मिटल्या. रबराच्या टाकीचे सगळे आकडे वाया गेले होते. प्रतिभाला वाटलं, आता तरी आवरेल. पण त्याचा चेहरा असा उजळला होता की तिला ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी रेशनच्या रॉकेलचा डबा जागेवर नव्हता. ती वर गेली तर बापलेक दोघं खाटेच्या दोन बाजूंना बसलेले. टाकीच्या जोडावर बाहेरून खडूचं पाणी फासलेलं. रॉकेल झिरपलं की पांढऱ्यावर गडद डाग उमटतो, ही सावळीरामची वर्कशॉपमधली युक्ती. भोकातून आधी धार, मग थेंब, मग थेंबांमधलं अंतर वाढत गेलं.

"काडेपेटी घेऊन या कुणीतरी, म्हणजे एकदाच सुटू सगळे!" प्रतिभा ओरडली. "अहो, हा लहान आहे, तुम्ही पण?"

"थांब गं," सावळीराम नजर न काढता म्हणाला. "मिटतंय."

अर्ध्या तासानं थेंब थांबला. समर्थनं भोक पुसलं. तिघंही बघत राहिले, तीही. परत काही आलं नाही. समर्थनं बापाच्या पाठीवर अशी थाप मारली की सावळीरामला ठसका लागला. त्या रात्री लाइट गेली तेव्हा कंदिलात घालायला घरात रॉकेल नव्हतं, आणि दोघांपैकी एकालाही त्याचं काही वाटलं नाही. अंधारात बसून ते टाक्यांवरच बोलत होते. प्रतिभा एकटीच धुसफुसत डास मारत होती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी तिनं सोसलं असतं. नोव्हेंबरात फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर आला. द्रवपदार्थ कसे वाहतात, त्याचाच विषय. हा तर घरचाच, असं तिला वाटलं. पेपर देऊन समर्थ खुशीत घरी आला.

"टाकी रिकामी होण्याचाच प्रश्न होता! सात पानं लिहिली."

"आणि बाकीचे प्रश्न?"

"बाकीच्यांना वेळ नाही मिळाला. त्यांनी टाकी सरळ धरली होती गं प्रश्नात. मी कललेली पण सोडवली. रबराची पण."

"कुणी विचारलं होतं?"

"विचारायला पाहिजे होतं."

तो सतरा मार्कांवर नापास झाला. प्रतिभा दोन दिवस जेवली नाही. सातपूरच्या, अंबडच्या प्रत्येक कारखान्याच्या गेटवर डिग्रीवाली मुलं उभी होती. तिथं या मुलाचा निभाव कसा लागणार? विषय पुढं ढकलत नेता येतात, पण मेच्या फेरपरीक्षेतही हा पेपर राहिला तर वर्ष वाया जायचं. आणि याला त्याचं सोयरसुतकच नाही. त्याला चिंता होती ती परदेशातल्या त्या लोकांच्या उत्तराची. टाक्यांवरचं चाळीस पानांचं इंग्रजी टिपण त्यानं त्यांना पाठवलं होतं.

उत्तर फेब्रुवारीत आलं. काम फारच छान आहे, पण खेळणाऱ्याला एवढं लागत नाही. आम्ही जुनंच ठेवतोय, ते पुरेसं आहे.

"पुरेसं!" समर्थ घरभर फिरत होता. "पुरेसं म्हणजे काय? भोक वर आहे आणि टाकी तळापर्यंत रिकामी होते, ते पुरेसं? मग काटा तरी कशाला ठेवलाय? तो पण काढा!"

"ओरडू नकोस, शेजारी ऐकतात."

"ऐकू देत! पप्पा, तुम्ही अशी टाकी पास केली असती का?"

"नाय," सावळीराम म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो," प्रतिभा म्हणाली.

मग त्यानं ते टिपण इंटरनेटवर स्वतःच्याच एका पानावर टाकलं, आणि कुणाकुणाला पाठवलंही. कुणाला, ते तिनं विचारलं नाही.

मे महिन्यात, त्या फेरपरीक्षेच्या चार दिवस आधी, सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला. समर्थ कॉलेजच्या लायब्ररीत गेला होता, सावळीराम कामावर.

"नमस्कार. समर्थ आहेत का?"

समर्थला 'आहेत' म्हणणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं.

"नाही. कोण बोलतंय?"

"मी पुण्याहून बोलतोय. आमची लहान कंपनी आहे. वैमानिकांना जमिनीवर बसून शिकता यावं म्हणून यंत्रं बनवतो आम्ही. समर्थनी इंधनाच्या टाक्यांच्या गळतीवर लिहिलेलं पाठवलं होतं, ते वाचलं."

विमान आणि टाकी, एवढेच दोन शब्द तिच्या कानात शिरले.

"त्याची परीक्षा आहे."

"परीक्षेनंतर येऊ दे की. सुट्टीत दोन महिने इथं राहून बघू दे. टाक्यांचा बिघाड दाखवायचा भाग आमच्याकडे कुणाला असा जमत नाहीये..."

"त्यानं ते सगळं सोडलंय."

"सोडलं? अहो, गेल्या आठवड्यातच तर त्यांचं पत्र..."

"सोडलंय म्हणते ना. मी आई आहे त्याची. पुन्हा फोन करू नका."

मग तो माणूस शांतपणे म्हणाला, "बरं. नंबर लिहून घेता का? विचार बदलला तर कळवा." आणि तिनं तो घेतला. सवयीनं, फोनशेजारच्या डायरीत, नाव न घालता.

संध्याकाळी समर्थनं चपला काढता काढता विचारलं, "कुणाचा फोन होता का?"

"मावशीचा," ती म्हणाली.

समर्थ पास झाला. एक्केचाळीस मार्क. या वेळी गाइडमधून पाठ करून, प्रश्नात टाकी सरळ तर उत्तरातही सरळ ठेवून. प्रतिभानं पेढे वाटले, सुवर्णाताईंना दोन जास्त दिले. त्या सुट्टीत फोन वाजला की समर्थ आतून बाहेर यायचा. "कुणाचा?" मावशीचा. दूधवाल्याचा. राँग नंबर. जूनअखेर त्यानं विचारणं सोडलं. एकदा जेवताना आपणहूनच म्हणाला, "पुण्याच्या एका कंपनीला पाठवलं होतं मी. त्यांनी तर उत्तरसुद्धा दिलं नाही. बरोबरच आहे, कोणाला एवढं लागत नाही."

प्रतिभाच्या हातातला घास हातातच राहिला. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण समोर तिसरं वर्ष होतं. तिनं मनाशी म्हटलं, डिग्री होऊ दे, मग सांगू. डिग्री झाली तेव्हा म्हटलं, आता दोन वर्षांनी काय सांगायचं? नोकरी लागू दे. नोकरीही लागली. इगतपुरीच्या अलीकडे एका कारखान्यात जनरेटरच्या डिझेलच्या टाक्या बनतात, तिथं तपासणीला. तिथंच त्यानं खोली घेतली. टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, सही करायचा अधिकार मिळाला. प्रतिभाला हवं होतं ते सगळं झालं. कॉम्प्युटर त्यानं जाताना मावशीच्या मुलाला देऊन टाकला होता, क्रोशाच्या कव्हरासकट.

आणि मग परवाचा रविवार.

सावळीराम आता रिटायर झालेला. आठवडाभर घरात कंटाळायचा आणि रविवारी मुलाशी कामाचं बोलायला आसुसलेला असायचा. त्या दिवशी त्यानं वरण ओरपता ओरपता विचारलं, "काय रे, तुमच्याकडं हौद केवढा?"

"मोठा आहे. क्रेननं सोडतात टाकी."

"गळतेत का?"

"गळतात की. शुक्रवारीच एक गळत होती, खालच्या जोडाला."

"मग परत वेल्डिंगला?"

"नाही. गाडी भरायची होती. साहेब म्हणाले, पेंट बसला की बंद होईल."

सावळीरामचा हात ताटात थांबला. "पुसून बघितलीस?"

"बघितली."

"परत आला?"

"आला."

"मग?"

"मग काय पप्पा. सगळेच करतात. चालतं."

"सही कोणाची?"

"माझीच."

ताटात अर्धी भाकरी तशीच ठेवून सावळीराम उठला आणि मोरीत जाऊन हात धूत राहिला, कितीतरी वेळ. समर्थनं आपलं जेवण संपवलं, आईला ताक मागितलं, ते प्यायला आणि जाऊन झोपला. संध्याकाळी दोघांच्या पाया पडून गाडीला गेला.

सोमवारी सकाळी चहाचा कप हातात फिरवत सावळीराम म्हणाला, "उद्या त्या टाकीजवळ कोणी बिडी ओढली म्हंजे? मी लय शिकवलं त्याला. हे कुणी शिकवलं गं?"

मग प्रतिभानं सांगितलं. पुण्याचा फोन, परीक्षा, मावशी, सगळं. बोलताना तिला वाटत होतं की हा आता ओरडेल, आणि ओरडला तर बरं होईल. म्हणजे तिलाही ओरडून सांगता येईल की तुम्ही रॉकेलात हात बुडवून बसला होतात तेव्हा या घरात मुलाच्या पोटापाण्याची काळजी मी एकटी करत होते. त्या सतरा मार्कांचं तुम्हाला काय वाटलं होतं? पण तो ओरडला नाही.

"अडीच वर्षं," तो म्हणाला. "मला पण नाय सांगितलंस."

"तुम्ही त्याला लगेच पाठवलं असतंत."

"पाठवलंच असतं."

"आणि तो नापास झाला असता."

"झाला असता एखाद वेळेस." त्यानं कप खाली ठेवला. "नंबर हाय?"

"आहे."

"मग लाव त्या माणसाला. सांग, चूक झाली, पोराला बघा परत. जमलं तर जमलं. समर्थला काय सांगू नको. आधीच कशाला?"

तिलाही ते पटलं. सगळ्यात सोयीचं तेच होतं. तो माणूस हो म्हणाला तर आपोआप सगळं सुरळीत होईल, नाही म्हणाला तर समर्थला कळणारही नाही. डायरी काढून तिनं पान शोधलं आणि रिसीव्हर उचलून पुण्याचा कोड फिरवला. पुढचे आकडे फिरवण्याआधी मनातल्या मनात वाक्यं जुळवू लागली: समर्थला यायचंय. समर्थची इच्छा आहे. समर्थ अजून ते विसरलेला नाही.

त्यातलं एकही वाक्य तिला माहीत नव्हतं. समर्थला यायचंय की नाही, हे तिनं त्याला विचारलं नव्हतं. मागच्या वेळी 'सोडलंय' म्हणाली तेव्हाही विचारलं नव्हतं. कानाशी तोच रिसीव्हर होता आणि ती परत त्याच्या वतीनं बोलायला निघाली होती. तेव्हा नाही म्हणायला, आता हो म्हणायला, फरक तेवढाच. तिचा तिलाच संताप आला आणि तिनं रिसीव्हर ठेवून दिला.

"काय झालं?" सावळीरामनं विचारलं. "लागत नाय?"

"लावला नाही."

"का?"

"पुण्याला त्यानंच करू दे. करायचा असेल तर. मी समर्थला करते."

"अगं, तो शिफ्टवर हाय. घरून फोन आला म्हंजे घाबरंल, पप्पांना काय झालं म्हणून."

"साडेदहाला चहाची सुट्टी असते त्याची."

सावळीरामनं घड्याळाकडं पाहिलं. दहा वाजून गेले होते. तो उठून तिच्याजवळ आला, मग काय सुचलं कुणास ठाऊक, खुर्ची ओढून फोनपाशी आणून ठेवली आणि स्वतः दाराशी जाऊन उभा राहिला.

"त्या टाकीचं पण बोल," तो पाठमोराच म्हणाला. "गाडी गेली नसंल अजून तर परत काढाय सांग."

"ते तुम्ही बोला. मी माझं बोलते आधी."

ती खुर्चीत बसली. नंबर लिहिलेलं पान समोर उघडंच होतं, समर्थला तो सांगायचा होता. बाकी काय बोलायचं, रडू आलं तर काय करायचं, यातलं काहीच ठरलं नव्हतं. ठरलं होतं ते इतकंच: त्या दिवशी फोन मावशीचा नव्हता, हे पहिल्याच वाक्यात सांगायचं, आणि त्यानं मधेच फोन ठेवला तर पुन्हा लावायचा.